जागा एक, उमेदवार अनेक
(महोत्सवानिमित्त भरलेल्या तरुणांच्या सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या ह्या आठवड्यात आपण पुष्कळ भाषणे ऐकली. देवळाचा पाया कसा घातला गेला, शाळा कशी उभी राहिली, आपल्या वाडवडिलांनी कोणत्या हालअपेष्टा सोसल्या, ह्याचे वर्णन आमच्याहून अधिकारी वक्त्यांनी केले आहे. त्यात भर घालण्याची आमची योग्यता नाही. चालकांनी आम्हांस तरुणांपुढे चार शब्द बोलण्याची आज्ञा केली व विषय आमच्यावर सोपविला, तेव्हा आम्ही विषय निवडला तो खेळाचा. कोणी म्हणेल, महोत्सवासारख्या पवित्र प्रसंगी फुटबॉलचे काय काम? त्यांस आमची एवढीच विनंती की, शेवटपर्यंत ऐकावे. आम्ही बोलणार आहो ते गोल व ढाली ह्यांविषयी नव्हे. एका जागेसाठी चार मुले झटतात, एकास ती मिळते व तिघांस मिळत नाही. त्या तिघांचे काय, हा आमचा प्रश्न आहे. हा प्रश्न जितका मैदानाचा, तितकाच घराचा व धर्मग्रामाचाही आहे.

दृष्टान्तासाठी आम्ही अमेरिकेतील एक विद्यापीठ घेतो. इंडियाना राज्यात साउथ बेंड नावाच्या गावाजवळ नोत्र दाम हे विद्यापीठ आहे. पवित्र क्रूस संघाचे फ्रेंच धर्मगुरू फादर एडवर्ड सोरीन ह्यांनी ते सन १८४२ मध्ये स्थापिले. पवित्र मातेच्या नावाचे हे कॅथॉलिक विद्यापीठ विद्येसाठी प्रसिद्ध आहेच. परंतु सामान्य अमेरिकन माणसाच्या तोंडी त्याचे नाव आले ते फुटबॉलमुळे.

तेथील फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे, हे प्रथम सांगितले पाहिजे. त्यांचा चेंडू लांबट, दोन्ही टोकांस निमुळता असतो. तो बहुधा हातात घेऊन धावतात किंवा हाताने फेकतात. लाथेने मारण्याचे प्रसंग थोडे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जावयाचे, न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जावयाचा, असा नियम आहे. अंगावर जाड गाद्या व डोक्यावर शिरस्त्राण घालून गडी एकमेकांवर आदळतात. मैदानावर एका वेळी एका बाजूचे अकराच असतात. पण चढाईचे अकरा निराळे, बचावाचे अकरा निराळे, आणि लाथेने चेंडू मारणारे आणखी निराळे.

तरीही मोठ्या विद्यापीठाच्या संघात शंभराच्या आसपास मुले असतात. म्हणजे एका एका जागेसाठी तीन तीन, चार चार उमेदवार झाले. प्रत्येक जागेपुढे पहिला, दुसरा, तिसरा अशी नावे लिहिलेला एक तक्ता प्रशिक्षक तयार करतात. वसंत ऋतूत सराव होतो, ऑगस्टात पुन्हा कसून सराव होतो, आणि त्या तक्त्यातील नावे वरखाली होत राहतात. ज्याचे नाव पहिले, तो शनिवारी हजारो लोकांपुढे खेळतो. ज्याचे तिसरे, तो तितकाच घाम गाळतो व शनिवारी बाकावर बसतो. घरून आईवडील पाहावयास आलेले असतात. त्यांच्या दृष्टीस मुलाची पाठ तेवढी पडते.

ह्या तक्त्याच्या तळाशी असलेल्या मुलाचे मन कसे असते, हे ज्याने स्वतः अनुभविले, असा एक मनुष्य पुढे त्या विद्यापीठाचा सर्वांत थोर प्रशिक्षक झाला. त्याचे नाव नूट रॉक्नी. त्याचा जन्म सन १८८८ मध्ये नॉर्वे देशात झाला. लहानपणीच तो शिकागो शहरी आला. तेथे टपालखात्यात नोकरी करून त्याने पैसे साठविले, आणि सन १९१० मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो नोत्र दाम येथे दाखल झाला. फुटबॉलच्या पहिल्याच चाचणीत त्यास फुलबॅकच्या जागी, म्हणजे धडक देत चेंडू पुढे नेणाऱ्याच्या जागी, उभे केले. त्याच्याने काही धड झाले नाही. प्रशिक्षकांनी त्यास परत वसतिगृहाच्या संघात धाडले.

येथेच दुसरा कोणी असता तर खेळ सोडून देता. रॉक्नीने धावण्याच्या शर्यतींत अंग कसले व पुन्हा संघाच्या दारी उभा राहिला, तो निराळ्या जागेसाठी. कडेने धावून फेकलेला चेंडू झेलणाऱ्याच्या जागेसाठी. सन १९१३ च्या उन्हाळ्यात तो व त्याचा मित्र गस डोरे हे ओहायोतील सीडर पॉइंट ह्या किनाऱ्यावर नोकरीस होते. कामातून वेळ मिळताच एकाने चेंडू फेकावा व दुसऱ्याने धावता धावता झेलावा, असा क्रम त्यांनी वाळूवर चालविला. त्याच वर्षी ता. १ नोव्हेंबर रोजी वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयाच्या बलाढ्य संघाशी सामना झाला. लांबवर चेंडू फेकण्याची युक्ती नियमाने सन १९०६ पासूनच मान्य होती, पण तिचा असा भरपूर उपयोग फार थोड्यांनी केला होता. नोत्र दामने तो सामना ३५ विरुद्ध १३ असा जिंकला. त्या वर्षी संघाचा कप्तान होता तीन वर्षांपूर्वी परत धाडलेला तोच रॉक्नी.

सन १९१८ मध्ये तो मुख्य प्रशिक्षक झाला. तेरा हंगामांत त्याच्या संघाने १०५ सामने जिंकले, १२ गमावले व ५ बरोबरीत सोडविले. सन १९२५ मध्ये त्याने कॅथॉलिक धर्माची दीक्षा घेतली, आणि ता. ३१ मार्च १९३१ रोजी विमानाच्या अपघातात त्याचा अंत झाला. त्याच्या कीर्तीचे पोवाडे गावयाचा आमचा हेतू नाही. जागा न मिळालेल्या मुलाशी तो कसा वागे, एवढेच आम्हांस पाहावयाचे आहे.

सन १९२२ ची गोष्ट. एल्मर लेडन व जिम क्रौली हे दोन तरुण एकाच जागेचे उमेदवार होते. जागा डाव्या हाफबॅकची. दोघेही चपळ, दोघेही गुणी. एकास घ्यावे तर दुसरा बाकावर. त्या हंगामात संघाचा फुलबॅक जबर जायबंदी झाला. फुलबॅक म्हटला की धिप्पाड गडी शोधावयाचा, ही तेव्हाची रीत. लेडन तर वजनाने हलका. तरीही रॉक्नीने त्यास त्या जागी नेले. वजनाची उणीव वेगाने भरून निघेल, असा त्याचा हिशेब होता. अशा रीतीने लेडन, क्रौली, डॉन मिलर व हॅरी स्टुलड्रेअर हे चौघे एकत्र आले. ता. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी लष्करी विद्यालयाच्या संघावर त्यांनी १३ विरुद्ध ७ असा जय मिळविला, आणि ग्रँटलंड राइस नावाच्या वार्ताहराने त्यांस प्रकटीकरणाच्या ग्रंथातील चार घोडेस्वारांची उपमा दिली. ते नाव त्यांस जन्मभर चिकटले. पुढे ता. १ जानेवारी १९२५ रोजी कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठाशी झालेला सामना नोत्र दामने २७ विरुद्ध १० असा जिंकला. त्यात एकट्या लेडनने तीन वेळा चेंडू सीमेपार नेला. क्रौलीशी एकाच जागेसाठी झगडत बसला असता, तर त्यास हे यश लाभले असते काय?

परंतु त्या वर्षीची दुसरी एक गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. चार घोडेस्वारांचे नाव देशभर गाजत असता, रॉक्नी सामन्याच्या आरंभी त्यांस बहुधा मैदानात उतरवीतच नसे. प्रथम दुसऱ्या फळीचा संघ उतरे. प्रतिपक्षाचा ताजा जोम, पहिल्या धडका, पहिले घाव ह्या मुलांनी अंगावर घ्यावयाचे; मग पहिल्या फळीने येऊन काम तडीस न्यावयाचे. स्टॅनफर्डविरुद्धचा सामनाही असाच सुरू झाला. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत नावे झळकत ती चौघांची. पण दुसऱ्या फळीच्या मुलास हे पक्के ठाऊक असे की, आपण भरतीचे गडी नव्हो. आपल्यावाचून हा डाव रचताच येत नाही. प्रशिक्षकाने त्यास नुसते सांत्वन दिले नाही, काम दिले. सांत्वन व काम ह्यांतील हा भेद आपल्या तरुणांनी ध्यानात ठेवावा, व त्यांच्या वडीलधाऱ्यांनी तर अवश्य ठेवावा.

आता पन्नास वर्षे पुढे येऊ. सन १९७७ च्या सप्टेंबर महिन्यात नोत्र दामचा संघ परड्यू विद्यापीठाशी त्यांच्याच मैदानावर खेळत होता. क्वार्टरबॅक, म्हणजे प्रथम चेंडू हाती घेऊन डाव रचणारा, ही संघातील सर्वांत मानाची जागा. तक्त्यावर पहिले नाव रस्टी लिश ह्याचे होते. त्याचा डाव त्या दिवशी रंगला नाही. दुसऱ्यास उतरविले, तर त्यास जबर दुखापत झाली. अखेर तिसऱ्यास हाक आली. हा तिसरा म्हणजे जो मोंटाना. मागील वर्षी खांद्याच्या दुखापतीने त्याचा हंगाम वाया गेला होता, व त्यामुळे तो मागे पडला होता. तो उतरला तेव्हा नोत्र दाम दहा गुणांनी मागे होते. सामना संपला तेव्हा ३१ विरुद्ध २४ असे जिंकले होते. त्या वर्षी राष्ट्रीय अजिंक्यपद त्याच संघाकडे आले, आणि पुढे धंदेवाईक खेळात मोंटानाने चार वेळा सर्वोच्च विजेतेपद मिळविले.

ही कथा अमेरिकेत सर्वांस ठाऊक आहे. तिच्या मागील दुसरी कथा मात्र कोणी फारशी सांगत नाही. ज्याची जागा गेली, त्या लिशचे काय झाले? तो संघ सोडून गेला नाही. वास्तुशास्त्राचा अभ्यास करीत तो तेथेच राहिला. आणि मोंटाना शिक्षण संपवून गेल्यावर, सन १९७९ मध्ये, पुन्हा तोच त्या जागी उभा राहिला. तिसऱ्याने पहिला होणे हे कौतुकास्पद खरेच; पण पहिल्याने मागे सरून, मन कडू होऊ न देता, पुन्हा उभे राहणे हे आमच्या मते अधिक कठीण आहे. जागा मिळविण्यास बळ लागते; जागा गेल्यावर टिकून राहण्यास त्याहून निराळे बळ लागते.

आता ज्यास जागा जवळजवळ कधीच मिळाली नाही, अशा एकाची गोष्ट. डॅनिएल रूटिगर हा इलिनॉय राज्यातील जोलिएट गावच्या चौदा भावंडांपैकी तिसरा. घरची स्थिती साधारण, उंची जेमतेम साडेपाच फूट, आणि वाचताना अक्षरांचा गोंधळ होण्याची व्याधी. त्याने आरमारात नोकरी केली, वीजनिर्मितीच्या कारखान्यात काम केले. नोत्र दामने त्याचा अर्ज तीनदा नामंजूर केला. शेजारच्याच होली क्रॉस कॉलेजात शिकून त्याने अखेर सन १९७४ मध्ये प्रवेश मिळविला, आणि शिष्यवृत्तीवाचून फुटबॉलच्या सरावास जाऊन उभा राहिला.

त्यास घेतले ते सरावापुरत्या तुकडीत. ही तुकडी म्हणजे काय, हे समजून घेण्यासारखे आहे. येत्या शनिवारी ज्या संघाशी गाठ आहे, त्याचे डाव ह्या मुलांनी पाठ करावयाचे, आणि आठवडाभर आपल्याच पहिल्या फळीपुढे शत्रू बनून उभे राहावयाचे. दोनशेहून अधिक पौंड वजनाचे गडी अंगावर आदळतात. पडावयाचे, उठावयाचे, पुन्हा उभे राहावयाचे. शनिवारी पहिल्या फळीस प्रतिपक्षाची चाल आधीच ओळखता आली, तर तिचे श्रेय ह्या नाव नसलेल्या मुलांचे. रूटिगरने हे काम दोन हंगाम केले. ता. ८ नोव्हेंबर १९७५ रोजी, जॉर्जिया टेक ह्या संघाविरुद्धच्या सामन्यात, खेळ संपत आला असता त्यास मैदानावर धाडले. तीन खेळी त्याच्या वाट्यास आल्या. शेवटच्या खेळीत त्याने प्रतिपक्षाच्या क्वार्टरबॅकला चेंडूसह पाडले, आणि सोबत्यांनी त्यास खांद्यांवर उचलून मैदानाबाहेर नेले.

ह्या गोष्टीवर सन १९९३ मध्ये चित्रपट निघाला. त्यात संघातील गडी एकामागून एक येऊन आपले अंगरखे प्रशिक्षकाच्या मेजावर ठेवतात, व आमच्याऐवजी त्यास खेळवा म्हणतात, असा प्रवेश आहे. तो प्रवेश कल्पित होय. प्रशिक्षक डॅन डिव्हाइन ह्यांनी स्वतःच त्यास खेळविण्याचे ठरविले होते. पण कथेस रंग यावा म्हणून त्यांनी पडद्यावर कठोर दिसणे पतकरले. दुसऱ्याचा मान वाढावा म्हणून आपण थोडे लहान दिसणे, ही गोष्ट आम्हांस चित्रपटाहूनही अधिक हृद्य वाटते.

सर्व काही असेच गोड असते, असे मात्र कोणी समजू नये. आज त्या देशात कॉलेजच्या खेळात पैशाचा मोठा ओघ आला आहे. सन २०२१ पासून खेळाडूंस आपल्या नावलौकिकावर पैसे मिळविण्याची मोकळीक आहे, आणि जागा न मिळाल्यास एक विद्यापीठ सोडून दुसऱ्यात जाणे पूर्वीहून पुष्कळ सोपे झाले आहे. आम्ही त्या मुलांस दोष देत नाही; जेथे न्याय नाही तेथून उठून जाण्याचा हक्क प्रत्येकास असावा. परंतु लिशसारखे थांबून राहणे त्यामुळे दुर्मीळ झाले, हेही खरे. पूर्वी एका संघास ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती व तीवाचून खेळणारी मुले त्याहून निराळी असत. सन २०२५ मध्ये न्यायालयात तडजोड होऊन, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांच्या संघांस एकंदर १०५ खेळाडूंची मर्यादा आली. त्यामुळे शिष्यवृत्तीवाचून तळाशी राहणाऱ्या कित्येक मुलांच्या जागा धोक्यात आल्या. तेव्हा न्यायाधीशांच्या आग्रहावरून, अशा मुलांस मर्यादेबाहेर ठेवून घेण्याची सवलत तडजोडीत घालावी लागली. तक्त्याच्या तळाशी असलेल्यांची आठवण न्यायाधीशांस करून द्यावी लागते, ह्यावरून काय ते समजावे.

बंधुभगिनींनो, सातासमुद्रापलीकडील मैदानाविषयी आम्ही एवढा वेळ बोललो. पण खरे सांगावयाचे तर आमच्या मनापुढे आपलेच मैदान होते. कित्येक वर्षांपूर्वी आपल्या तरुणांचा फुटबॉलचा संघ निवडण्याचे काम ज्या मंडळींकडे होते, त्यांत आम्हीही होतो. गोलरक्षकाची जागा एक, उमेदवार दोन. पहिला मुलगा दोन पावसाळे एकही दिवस न चुकता सरावास आला होता. चेंडूंत हवा भरावी ती त्याने, जाळी बांधावी ती त्याने, आणि अंधार पडल्यावर सर्व सामान घरी न्यावे तेही त्यानेच. दुसरा कॉलेजच्या सुटीत गावी आला. तो उंच होता व त्याचा झेल खरोखरच चांगला होता. आम्ही दुसऱ्यास निवडले. निवड चुकीची होती, असे आम्ही आजही म्हणत नाही.

चूक पुढे झाली. यादी आम्ही फलकावर लावली, आणि त्या मुलाने ती रविवारच्या मिस्सानंतर सर्वांच्या गर्दीत वाचली. तो वाचीत असता आम्ही जवळच उभे होतो. त्याने वळून आमच्याकडे पाहिले. आम्ही मान फिरविली, व शेजारच्या गृहस्थांशी पावसापाण्याच्या गोष्टी काढल्या. सामना आपण जिंकलो, म्हणून आम्हांस कोणी काही विचारले नाही. तो मुलगा पुन्हा मैदानावर दिसला नाही. हळूहळू तरुण मंडळातही दिसेनासा झाला. पुढे तो नोकरीस परदेशी गेला. पुष्कळ वर्षांनी एका लग्नात त्याची आमची गाठ पडली. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याने एवढेच विचारले, "सर, आता सांगायला हरकत नाही. मी कशात कमी पडलो होतो?"

"तुझी उंची चार बोटे कमी होती, मुला, दुसरे काहीच नाही." हे उत्तर द्यावयास त्या रविवारी अर्धा क्षण पुरला असता. तो अर्धा क्षण आम्ही दिला नाही, म्हणून एवढी वर्षे तो मुलगा आपल्यातच काही खोट आहे असे समजत राहिला. त्या लग्नमंडपात आम्ही त्याची क्षमा मागितली. आज ह्या सभेपुढे पुन्हा मागतो. कारण त्याचा अपमान चारचौघांत झाला होता, तेव्हा क्षमाही चारचौघांतच मागावी हे उचित.

संत पौलाने करिंथकरांस लिहिताना शर्यतीचाही दाखला दिला आहे व शरीराच्या अवयवांचाही. पहिला दाखला आपण तरुणांस वारंवार ऐकवितो: धावा, जिंका. दुसरा ऐकविण्यास मात्र विसरतो. तो प्रेषित दोन्ही दाखले एकाच पत्रात देतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. धावावे सर्वांनी नेटाने. पण जो अवयव दुर्बळ दिसतो तोही आवश्यकच आहे.

म्हणून शेवटी तिघांस तीन विनंत्या. निवडणाऱ्यांस विनंती ही की, फलकावर यादी लावण्यापूर्वी, ज्यांची नावे तीत नाहीत त्यांच्याशी समोरासमोर बोलावे, कारण सांगावे, आणि त्यांस सांत्वन नव्हे, काम द्यावे. निवडलेल्यांस विनंती ही की, आपण ज्या जागी उभे आहो ती जागा दुसऱ्या कोणाच्या घामाने आपल्यासाठी टणक झाली आहे, हे विसरू नये. आणि न निवडलेल्या मुलांनो, तुम्हांस विनंती ही की, एका जागेस नकार मिळाला म्हणजे सगळ्या मैदानाने नकार दिला असे समजू नका. कदाचित तुमची जागा लेडनप्रमाणे शेजारीच असेल. कदाचित लिशप्रमाणे दोन वर्षांनी येईल. कदाचित रूटिगरप्रमाणे तीनच खेळींची असेल. आणि कारण कळले नसेल तर निःसंकोच येऊन विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो उत्तर न देण्यात.

आणखी एक लहानशी सूचना. महोत्सवाच्या स्मरणिकेत आपल्या जुन्या विजयी संघांची छायाचित्रे येणार आहेत, असे ऐकतो. प्रत्येक चित्राखाली अकरा खेळाडूंची नावे छापली जातील. त्या त्या वर्षी जे सरावास आले व खेळले नाहीत, त्यांचीही नावे आठवून आठवून खाली एका ओळीत छापावी, अशी चालकांस आमची प्रार्थना आहे. आम्हांस त्यांतील पुष्कळ आठवतात. एक तर पक्के आठवते. ते आम्ही स्वतःच्या हाताने लिहून देऊ.